फर्माईश पडद्याची, घुंगरं चौफुल्याची

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की यवत मागे पडतं आणि चौफुला येतो. शिरूरहून न्हावऱ्यावरून येणारा रस्ता इथे महामार्ग ओलांडून सुपे-मोरगावच्या बाजूला उतरतो. एका अंगाला केडगावचं रेल्वे स्टेशन, दुसऱ्या अंगाला बोरमलनाथाचं देऊळ, आणि सगळीकडे ऊस. न्हावऱ्याचा घोडगंगा कारखाना शिरूर तालुक्यात, पाटसचा भीमा कारखाना दौंड तालुक्यात. कारखान्याचं बिल खात्यावर जमा झालं की या पट्ट्यातली बाजारपेठ हलते आणि त्याबरोबर इथली आणखी एक गोष्ट हलते, ती म्हणजे कला केंद्रांतली ढोलकी. वाखारीच्या शिवारातलं न्यू अंबिका कला केंद्र पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक आहे. लोक मात्र केंद्राचं नाव घेत नाहीत. ‘चौफुल्याला गेलो होतो’ एवढंच म्हणतात आणि ऐकणाऱ्याला सगळं कळतं.

लावणी आधी रेकॉर्डवर गेली, मग चित्रपटात, मग दूरदर्शनवर, मग खासगी वाहिन्यांवर आणि आता मोबाइलवर. प्रत्येक पायरीवर तिचा श्रोता वाढला. ती ज्यांनी पिढ्यान् पिढ्या पोटाशी धरून जगवली, त्या संगीत बारीतल्या बायकांच्या वाट्याला यातून काय आलं, हा या लेखाचा प्रश्न आहे.

पार्टी, थिएटर आणि पाळी

बाहेरच्या माणसाला तमाशाचा फड आणि संगीत बारी एकच वाटतात. फड गावोगाव फिरतो. त्याच्याकडे तंबू असतो, ट्रक असतात, गण-गवळण असते, बतावणी असते आणि रात्र चढली की वग असतो. त्याची सुपारी नारायणगावच्या राहुट्यांमध्ये ठरते. संगीत बारीत वग नाही. तिथे फक्त गाणं, नाच आणि अदा. बारी फिरत नाही, ती थिएटरात, म्हणजेच कला केंद्रात, मुक्काम करते. थिएटर मालकाचं, पार्टी मालकिणीची. एकेका थिएटरात अनेक पार्ट्या राहतात. प्रत्येकीची वेगळी खोली, वेगळी चूल, वेगळी पेटी. पार्टीत आठ-दहा बायका, त्यातल्या बऱ्याचशा एकमेकींच्या बहिणी, मावशा, भाच्या. सोबत ढोलकीवाला, तबलजी आणि पेटीवाला.

रंगमंचावर प्रत्येक पार्टीला पाळीपाळीने वेळ मिळतो. त्याआधी खोलीत तयारी चाललेली असते. नऊवारीचा काष्टा घट्ट बसवायचा, केसांचा अंबाडा घालून वर गजरा माळायचा, आणि सगळ्यांत शेवटी चाळ. शंभर-शंभर घुंगरांचा चाळ पायाला गुंडाळताना आधी पोटरीला कापड बांधतात, कारण पितळ कातडी सोलतं. एवढं वजन पायात घेऊन उभं राहणंच कसबाचं आहे. खरं कसब त्याच्या पुढचं. ढोलकीवाला बोल वाजवत असताना एकच घुंगरू वाजल्यासारखा बारीक आवाज काढायचा आणि पुढच्या क्षणी दोन्ही पायांनी थिएटर दणाणून सोडायचं. टाचेवर भार किती आणि चवड्यावर किती, याचा हिशेब लहानपणापासून मोठ्या बाईच्या मागे उभं राहून अंगात मुरलेला असतो.

बैठकीची लावणी आणखी वेगळी. गाणारी बसलेली असते. पायांना काम नाही, सगळं डोळ्यांत, भुवयांत, हाताच्या बोटांत आणि गळ्यात. एकच ओळ ती दहा वेळा घेते. एकदा लाजून, एकदा रुसून, एकदा टोमणा मारून, एकदा विनवून. शब्द बदलत नाहीत, अर्थ दर खेपेला बदलतो. वाईच्या यमुनाबाई वाईकर या कलेच्या शिखरावर होत्या. बिरजू महाराजांबरोबर एका मंचावर त्यांनी कार्यक्रम केला होता. १९७५ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०१२ साली पद्मश्री. २०१८ मध्ये त्या गेल्या. अशी लावणी रंगायला अर्धा तास लागतो. पुढे टीव्ही आला तेव्हा हाच अर्धा तास तिच्या आड आला.

फर्माईश हाच तक्ता

पाश्चात्त्य संगीतात कोणतं गाणं किती चाललं याचे दर आठवड्याला तक्ते निघतात. चौफुल्याला छापील तक्ता नाही, पण तक्ता आहे. समोरचा माणूस कोणत्या गाण्यावर पैसे काढतो, तो तिथला तक्ता. फर्माईश येते, दौलतजादा होते, गाणं पुढे सरकतं. ज्या गाण्याला फर्माईश नाही ते आठ-पंधरा दिवसांत मागे पडतं आणि वर्षभरात विसरलं जातं. पार्टीची कमाई फर्माईशीवर असल्यामुळे कोणती लावणी शिकायची आणि कोणती सोडायची, हे शेवटी प्रेक्षकच ठरवतो.

आणि प्रेक्षकाची फर्माईश कोण ठरवतं, तर पडदा. हा क्रम जुना आहे. १९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला आणि पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला. १९७२ मध्ये व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ आला. जगदीश खेबुडकरांचे शब्द, राम कदमांचं संगीत आणि उषा मंगेशकरांचा आवाज. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला त्याचं प्रक्षेपण मिळू लागलं. थिएटरला न जाणाऱ्या घरांतही लावणी पोहोचली, कारण शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट लागायचा आणि ज्याच्याकडे संच होता त्याच्या ओसरीवर आळीतली माणसं बसायची. बायकाही बसायच्या. थिएटरची पायरी त्यांच्यासाठी बंद होती, ओसरी नव्हती.

घरातल्या बाईला लावणी ऐकण्याची मोकळीक त्याआधी रेकॉर्डने आणि रेडिओने दिली होती, आणि त्यात सुलोचना चव्हाण यांचा वाटा फार मोठा. डोक्यावरचा पदर न ढळू देता, एका जागी उभं राहून त्या ठसक्यात गायच्या. आचार्य अत्र्यांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या. त्यांच्या आवाजामुळे लावणी माजघरात आली, हे ऋण मोठं आहे. पण गाणं माजघरात आलं तरी त्यावर नाचणारी बारीतली बाई उंबऱ्याबाहेरच राहिली, हेही खरं.

खासगी वाहिन्यांनी वेग वाढवला. १९९९ मध्ये अल्फा मराठी आली, २००० मध्ये ई टीव्ही मराठी. १ जानेवारी २०१० रोजी रवी जाधव यांचा ‘नटरंग’ प्रदर्शित झाला. आनंद यादवांची कादंबरी, अजय-अतुलचं संगीत, बेला शेंडे यांचा आवाज, सोनाली कुलकर्णी आणि अमृता खानविलकर यांची नृत्यं. निर्मिती झी टॉकीजची, म्हणजे चित्रपट काढणारी वाहिनीच गाणी दाखवणारीही होती. त्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनापासून गणपतीच्या मांडवापर्यंत दुसरं काही वाजलं नाही. २०२२ च्या ‘चंद्रमुखी’नं तेच पुन्हा केलं.

कला केंद्रांतही तीच गाणी मागितली जाऊ लागली. जिला आजीकडून जुनी छक्कड लावणी आली होती, तिला आता पडद्यावरची नटी कोणत्या शब्दाला मान कुठे वळवते ते बघून शिकावं लागलं. नटीने जी ढब बारीतून उचलली, तीच ढब बारीतल्या मुलीने नटीकडून परत उचलायची. ज्यांची चाल, ज्यांचा नखरा, ज्यांचा काष्टा, त्याच स्वतःच्या कलेची नक्कल करू लागल्या. गाणं तक्त्यात वर गेलं. त्या जिथे होत्या तिथेच राहिल्या.

डेट्रॉईटच्या तिघी

पडद्याने एखाद्या गाणाऱ्या पार्टीला वर नेल्याचं एक मोठं उदाहरण अमेरिकेतल्या डेट्रॉईटचं आहे. मोटारींच्या कारखान्यांचं हे शहर. तिथल्या सरकारी चाळींत वाढलेल्या डायना रॉस, मेरी विल्सन आणि फ्लॉरेन्स बॅलार्ड या तीन कृष्णवर्णीय मुलींची पार्टी म्हणजे ‘द सुप्रीम्स’. सोल संगीत हा चर्चमधल्या गाण्यातून आणि कष्टकऱ्यांच्या विरहगीतांतून उगवलेला बाज. बेरी गॉर्डी यांच्या मोटाउन कंपनीने या तिघींना घेतलं, पण सुरुवातीची गाणी पडली. कंपनीतले लोक त्यांना बिनहिटच्या सुप्रीम्स म्हणायचे.

१९६४ च्या ऑगस्टमध्ये त्यांचं एक गाणं अमेरिकेच्या तक्त्यात पहिल्या क्रमांकावर गेलं. मग दुसरं, मग तिसरं. २७ डिसेंबर १९६४ च्या रविवारी त्या एड सलिव्हन यांच्या टीव्ही कार्यक्रमात पहिल्यांदा उभ्या राहिल्या, तेव्हा तिसरं गाणं वर पोहोचून आठवडा झाला होता. म्हणजे टीव्हीने त्यांना शून्यातून उभं केलं नाही. यश आधी आलं होतं. टीव्हीने त्या यशाला चेहरे दिले. सलिव्हनचा कार्यक्रम लाखो गोरी कुटुंबं जेवणं आटोपून एकत्र बसून बघायची. त्यांच्या दिवाणखान्यात तीन काळ्या मुली राण्यांच्या दिमाखात आल्या. पुढच्या सहा महिन्यांत आणखी दोन गाणी पहिली आली आणि सलग पाच गाण्यांचा विक्रम झाला. १९६९ पर्यंत पहिल्या क्रमांकाची त्यांची १२ गाणी झाली.

यामागे कष्ट होते. मोटाउनने चालणं-बोलणं शिकवायला मॅक्सिन पॉवेल यांना नेमलं होतं आणि पावलं बसवायला चॉली ॲटकिन्स यांना. गाणं कॅमेऱ्यात कसं दिसेल याचा विचार तालमीतच व्हायचा. १९६५ मध्ये लंडनच्या एका टीव्ही कार्यक्रमासाठी तिघींनी एका गाण्यात हाताचा पंजा पुढे करून थांबवण्याची एक खूण बसवली. ती खूण आजही त्या गाण्याची ओळख आहे. एका हाताच्या हालचालीवर गाणं पेलायचं, ही आपल्या बैठकीच्या लावणीचीच विद्या. आपल्याकडे ती शेकडो वर्षं होती, तिच्यासमोर कॅमेरा मात्र नीट कुणी लावला नाही.

या गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९६७ मध्ये पार्टीचं नाव बदललं आणि डायना रॉसचं नाव पुढे आलं. त्याच वर्षी फ्लॉरेन्सला बाहेर काढलं. पुढच्या वर्षी सुमारे १,३९,००० डॉलर देऊन तिच्याशी हिशेब मिटवला आणि आपण सुप्रीम्समध्ये होतो असं सांगून स्वतःची जाहिरात करायची नाही, अशी अट घातली. पार्टी उभी करण्यात जिचा पुढाकार होता, तिलाच पार्टीचं नाव लावायला बंदी. सरकारी मदतीवर दिवस काढून १९७६ मध्ये, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, ती गेली. टीव्हीने कीर्ती तिघींना दिली होती. पैसा कुणाचा आणि नाव कुणाचं, हे कागदाने ठरवलं.

आपल्याकडे विठाबाई नारायणगावकरांचं आयुष्य आठवतं. दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. खेळ चालू असताना पडद्यामागे बाळंत होऊन त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, हे महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. २००२ साली त्या गेल्या तेव्हा हाताशी काही उरलं नव्हतं. आता राज्य सरकार त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. नाव राहिलं, पण ते ज्या वेळी भाकरीच्या कामाला यायला हवं होतं त्या वेळी आलं नाही.

कॅमेरा काय घेतो, काय सोडतो

लावणीच्या टीव्ही स्पर्धा आपल्याकडे झाल्या आहेत. ‘ढोलकीच्या तालावर’ ई टीव्ही मराठीवर गाजला आणि २०२३ मध्ये कलर्स मराठीवर पुन्हा आला. या कार्यक्रमांनी मध्यमवर्गीय घरांतल्या मुलींना लावणी शिकण्याची हिंमत दिली. आई-बाप प्रेक्षकांत बसून मुलीच्या लावणीला टाळ्या वाजवतात, हे दृश्य ४० वर्षांपूर्वी कल्पनेतही नव्हतं. हा बदल मला मनापासून मोलाचा वाटतो.

पण स्पर्धेची चौकट कुणाच्या मापाची आहे तेही बघायला हवं. तीन-चार मिनिटं, आधी ध्वनिमुद्रित केलेलं गाणं, नाचणारी एक आणि गाणारी दुसरी. बारीतली बाई मात्र स्वतः गाते, स्वतः नाचते आणि समोरच्या माणसाचं तोंड बघून पुढची जागा घेते. तिचा ढोलकीवाला तिच्या पायाकडे बघून वाजवतो. ध्वनिमुद्रित गाण्यावर हे दोन्ही संपतं. अर्ध्या तासाची बैठक चार मिनिटांत बसत नाही, म्हणून टीव्हीवर लावणी म्हटलं की गिरकी, उडी आणि शेवटची पोझ एवढंच उरलं. बैठकीच्या लावणीला तिथे जागाच मिळाली नाही, आणि जे टीव्हीवर दिसत नाही त्याला थिएटरातही फर्माईश येत नाही.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. बारीतल्या कित्येक बायकांची मुलं दूरच्या गावी वसतिगृहात, नातेवाइकांकडे शिकतात. आई काय करते हे शाळेत सांगितलेलं नसतं. किशोर शांताबाई काळे यांनी १९९४ मध्ये ‘कोल्हाट्याचं पोर’ लिहून हे दुःख मराठी वाचकासमोर मांडलं. नाचणाऱ्या आईचा मुलगा डॉक्टर झाला, पण त्या वाटेवर प्रत्येक टप्प्यावर बापाचं नाव विचारलं गेलं. सावित्री मेधातुल आणि भूषण कोरगावकर यांनी २००८ च्या सुमारास ‘नटले तुमच्यासाठी’ हा माहितीपट केला आणि कोरगावकरांनी पुढे ‘संगीत बारी’ हे पुस्तक लिहिलं. त्यांतूनही हेच दिसतं. ज्या बाईला चेहरा दाखवायची भीती वाटते, तिला टीव्ही काय देणार? डेट्रॉईटच्या मुलींना पडद्यावर येणं म्हणजे समाजात वर जाणं होतं. चौफुल्यातल्या बाईसाठी तेच पडद्यावर येणं म्हणजे मुलाचं शाळेतलं गुपित फुटणं. चॅनेलवाल्यांनी बोलावलं नाही एवढंच कारण नाही, बोलावलं तरी जाण्याची किंमत तिलाच मोजावी लागते.

ज्यांनी वाट काढली

वाट काढणाऱ्याही झाल्या. सुरेखा पुणेकर यांनी ‘नटरंगी नार’ घेऊन लावणी नाट्यगृहात नेली, जाहिरातीत स्वतःचं नाव मोठ्या अक्षरांत लावलं आणि महिलांसाठी खास खेळ केले. २०१९ मध्ये त्या ‘बिग बॉस मराठी’च्या घरात गेल्या, तेव्हा महाराष्ट्राने लावणी कलावंतिणीला मेकअपशिवाय, स्वयंपाक करताना, भांडताना, रडताना पाहिलं. त्यांच्या आधी अकलूजच्या लावणी स्पर्धेनं नव्वदच्या दशकापासून एक मोठं काम केलं. तिथे पार्ट्या आपापल्या नावाने उतरत, कलावंतिणींची नावं माईकवरून पुकारली जात आणि मांडवात बायका बसलेल्या असत. छाया-माया खुटेगावकर, राजश्री-आरती काळे नगरकर ही नावं महाराष्ट्राला झाली ती अशा मंचांमुळे. ‘संगीत बारी’च्या रंगमंचीय प्रयोगात शकुंतलाबाई नगरकर, मोहनाबाई म्हाळंग्रेकर यांच्यासारख्या ज्येष्ठ कलावंतिणी आपल्या नावाने गातात आणि आपल्या आयुष्याबद्दल बोलतात.

या सगळ्यांत एक समान गोष्ट आहे. जिथे बाईचं नाव पुकारलं गेलं तिथे तिचा भाव वाढला. जिथे नुसती लावणी दाखवली तिथे वाहिनीचा, नटीचा आणि संगीत कंपनीचा भाव वाढला.

मोबाइलने खेळ पुन्हा बदलला आहे. २०२२-२३ मध्ये गौतमी पाटील यांच्या कार्यक्रमांना पुणे जिल्ह्यात तोबा गर्दी झाली. ती गर्दी टीव्हीने जमवली नव्हती, हातातल्या फोनने जमवली. त्यांचा नाच लावणी म्हणायचा की नाही यावर वाद झाले आणि ज्येष्ठ कलावंतिणींनी नाराजीही बोलून दाखवली. पण यात्रा कमिट्यांना एक गोष्ट कळली, की नाव असेल तर सुपारी वाढते. शिरूर-दौंडच्या गावांत चैत्रातल्या यात्रेला आता आधी नाव विचारतात, मग तारीख.

पडद्यावरच्या नावाची ताकद शिरूरला वेगळी सांगायला नको. ‘राजा शिवछत्रपती’ आणि ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ या मालिकांतून घरोघर पोहोचलेले अमोल कोल्हे २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये याच शिरूर मतदारसंघातून लोकसभेवर गेले. मालिकेतल्या नटाला नाव मिळतं, श्रेयाची पाटी मिळते, मानधनाचा करार मिळतो. त्याच मतदारसंघातल्या नारायणगावच्या तमाशा कलावंताला आणि शेजारच्या दौंड तालुक्यातल्या बारीतल्या बाईला पडद्यावर यायचं असेल, तर हेच तिन्ही मिळायला हवं.

मग करायचं काय

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि थिएटरं बंद झाली. टीव्हीवर त्या काळातही लावण्या वाजत होत्या, जुने भाग पुन्हा दाखवले जात होते. त्यातून बारीतल्या बाईला काही मिळालं नाही, कारण त्या वाजणाऱ्या गाण्यात तिचा कागदोपत्री हिस्सा नव्हता. पडद्याने लावणीला यश दिलं, लावणीवालीला दिलं नाही, हा माझा या विषयावरचा निष्कर्ष आहे. दोष पडद्याचा कमी आणि आपला जास्त. वाहिनीने ढब घेतली पण नाव सोडलं, आणि आपण प्रेक्षकांनीही कधी विचारलं नाही.

करण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत. लावणीच्या कार्यक्रमात पार्टीचं, गाणारीचं, ढोलकीवाल्याचं आणि पेटीवाल्याचं नाव पाटीवर यावं. आठवड्यातून एक तास तरी बैठकीची लावणी, जशी गातात तशी, पूर्ण लांबीने दाखवावी. पुन्हा प्रक्षेपण झालं की कलावंतिणीला पुन्हा पैसे मिळावेत, असा करार असावा. ज्या चित्रपटासाठी नटीला बारीतल्या बाईने शिकवलं, तिथे गुरू म्हणून तिचं नाव लागावं. आणि आपण एवढं करावं, की तिच्या मुलाला शाळेत आईचं नाव सांगताना मान खाली घालावी लागणार नाही.

फोनवर एखादी लावणी आवडली तर ती पुढे पाठवण्याआधी गाणारीचं नाव शोधा आणि नावासकट पाठवा. लावणी महोत्सव, अकलूजसारखी स्पर्धा किंवा नाट्यगृहातला प्रयोग जवळपास असेल तर घरच्या बायकांना घेऊन, तिकीट काढून जा. कलावंतिणीचं नाव पाटीवर नसेल तर आयोजकांना विचारा. विचारणारे दहा झाले की पुढच्या वेळी पाटीवर नाव येईल, आणि नाव आलं की हिस्सा मागता येईल.